बुलढाण्याच्या ताराबाई आणि काही टिकून राहिलेले गैरसमज

स्त्रीवाद हे पाश्चात्त्य खूळ आहे, शहरातल्या शिकलेल्या बायकांनी ते इकडे आणलं, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात पितृसत्तेची झाडाझडती घेणारं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे मराठी पुस्तक १८८२ मध्येच पुण्यात छापलं गेलं. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडिलांनी त्यांना घरीच शिकवलं होतं.

निमित्त झालं सुरतेच्या खटल्याचं. विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेनं नवजात मूल मारलं आणि १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र तमाम बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाई संतापल्या. विधवेला पुनर्विवाह बंद, तिला नादी लावणारा पुरुष मात्र उजळ माथ्यानं फिरणार, हा कुठला न्याय? पतीला देव मानायचं, तर त्यानं देवासारखं वागायला नको का, असाही त्यांचा रोकडा सवाल होता.

‘पितृसत्तेत बाईची जपणूकच होते,’ हा दुसरा समज. तो किती पोकळ आहे, हे रखमाबाईंच्या खटल्यातून दिसतं. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावलं गेलं. मोठेपणी त्यांनी नांदायला नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं बजावलं: सासरी जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेतून डॉक्टर होऊन आल्या. जपणुकीची ही अट किती जाचक होती, ते यातून कळतं.

स्त्रीवादी म्हणजे पुरुषद्वेष्ट्या, हेही खरं नाही. ताराबाईंची बाजू १८८५ मध्ये ‘सत्सार’ या नियतकालिकातून जाहीरपणे घेतली ती जोतीराव फुल्यांनी.

आणि ‘आता कायद्यानं सगळं दिलंय’? वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनं देशभर मिळाला. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. आता हक्क असूनही वडिलांचे दिवस होताच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. ‘माहेर तुटेल गं,’ असं म्हणत बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं जातं, अंगठा-फोटो होतो, साडीचोळी मिळते. सही करण्याआधी बहिणींनी सातबारा पाहावा, वकिलाचा सल्ला घ्यावा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणं फार कठीण असतं.