कपाटाची किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, मुलं शाळेतून आली की आपण हमखास विचारतो, ‘गृहपाठ काय दिलाय?’ पण ‘आज गोष्ट कुठली वाचलीस?’ असं किती जणी विचारतात? बारामतीत काय, इंदापुरात काय, पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरणारे आईबाप घरोघरी आहेत. गोष्टीचं पुस्तक मात्र आपल्या लेखी ‘अवांतर’!

खरं तर या कामाला फार पैसा लागत नाही. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९पासून सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ५ हजार. रक्कम लहान वाटते ना? पण एक पुस्तक सत्तर रुपयांचं धरलं तरी सत्तर पुस्तकं होतात. वाडीवस्तीवरच्या पंचवीस-तीस मुलांना ती वर्षभर पुरतील. अडतं कुठं? तर पुस्तकं येतात, रजिस्टरात चढतात आणि ‘फाटतील’ म्हणून कपाटात बंद होतात.

इथं आपलं काम सुरू होतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बैठकीला नुसती सही करायला जाऊ नका. ग्रंथालयाचे पैसे आले का, पुस्तकं कुठली घेतली, ती मुलांच्या हाती कोणत्या वारी पडतात, एवढं विचाराच.

आपल्या शेजारच्या फलटणला मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. सुरुवात होती शाळेबाहेरच्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याची. १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली, ती नंतर. आधी मुलं, मग इमारत!

आपल्याकडेही अशी मुलं आहेत. गळीत हंगामात सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणीची कुटुंबं कोप्या घालतात. गावाकडची शाळा सुटलेली, इथली ओळखीची नाही. चार-पाच महिने अक्षराशी गाठ नाही. बचत गटातल्या दोघी-तिघींनी आठवड्यातून एकदा पिशवीभर पुस्तकं घेऊन तिथं तासभर बसायचं ठरवलं तर? पैसे नसतील तर ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोबाइलवर फुकट मिळतात.

आणि हो, मुलांना लिहूही द्या. बैलाबद्दल, भावंडाबद्दल, त्यांच्याच बोलीत चार ओळी. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येईल.

पुस्तक हाताळलं की फाटणारच. फाटलेलं चिकटवता येतं. पण वाचायचं वय निघून गेलं, तर ते कसं परत आणणार? तेव्हा येत्या बैठकीत आधी कपाटाची किल्ली मागा.