लेकराचा रात्रीचा खोकला थांबत नाहीये? तो साधा सर्दी-खोकला आहे की दमा, कसं ओळखायचं?

रात्रीचे दोन वाजलेत. पोरगं झोपेतून उठून खोकतंय. तुम्ही उठता, कोमट पाणी देता, पाठीला बाम चोळता, उशी उंच करता. अर्ध्या-पाऊण तासाने ते झोपतं. सकाळी मात्र असं हुंदडत असतं की रात्री काही झालंच नव्हतं. म्हणून डॉक्टरकडे जायचं राहून जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मग कफ सिरपची एक बाटली होते, दुसरी होते. अँटिबायोटिकचा एखादा कोर्स होतो. शेवटी एक दिवस बालरोगतज्ज्ञ म्हणतात, "आपण पंप सुरू करू." आणि घरातलं वातावरणच बदलतं. आजी म्हणते, आपल्या घराण्यात दमा कुणालाच नाही. शेजारी म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी हैदराबादच्या मासोळीच्या औषधाचा व्हिडिओ टाकतं, कुणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणाऱ्या औषधाचा पत्ता देतं.

या गोंधळाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. दमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओट्यावर बसून धापा टाकणारे आजोबा येतात. लहान मुलांचा दमा बहुतेक वेळा तसा दिसत नाही. तो खोकल्याच्या रूपात येतो, रात्री किंवा पहाटे येतो आणि दिवसा गायब होतो.

छातीत नेमकं काय होतं?

श्वासनळीला पुढे झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नळ्या फुटतात. दमा असलेल्या मुलाच्या या नळ्या जरा जास्तच चिडक्या असतात. सर्दीचा विषाणू, धूळ, धूर, थंड हवा असं काहीही निमित्त मिळालं की तीन गोष्टी एकदम घडतात. नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो.

मोठ्या माणसाची नळी मुळात रुंद असते, थोडी सूज तिला खपते. मुलाची नळी आधीच अरुंद. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो गणिताने १६ पट होतो. म्हणून संध्याकाळी खेळणारं मूल रात्री बारा वाजता धापा टाकताना दिसू शकतं.

यात हवा आत घेणं त्यातल्या त्यात सोपं असतं, बाहेर सोडणं अवघड. म्हणून शिट्टीसारखा बारीक सूं-सूं आवाज श्वास सोडताना जास्त येतो. नाक चोंदलेल्या किंवा घशात कफ असलेल्या बाळाची घरघर वेगळी, ती नाक साफ केलं की बरीच कमी होते. आणि श्वास आत घेताना खरखरीत आवाज येत असेल, खोकला कुत्रा भुंकल्यासारखा असेल, तर त्रास वरच्या भागात, स्वरयंत्राजवळ असतो. तेही डॉक्टरांना दाखवायचंच, पण तो दमा नव्हे.

शर्ट काढा आणि बघा

मुलाला श्वासाचा त्रास होतोय का, हे ठरवायला घरात कुठलंही यंत्र लागत नाही. अंगातला शर्ट काढायचा, दिवा लावायचा आणि एक मिनिट नुसतं बघायचं.

श्वास घेताना बरगड्यांच्या मधली किंवा खालची जागा आत ओढली जाते का? गळ्याच्या खालचा खळगा आत जातो का? नाकपुड्या फुगतात का? आपल्याकडे आया म्हणतात, "बाळाचं पोट उडतंय." ही अगदी अचूक खूण आहे. छातीचे नेहमीचे स्नायू पुरेनासे झाले की पोट जोरजोराने वरखाली व्हायला लागतं. तान्ह्या बाळाचं पोट एरवीही श्वासाबरोबर हलतं, ते चालतं. पण पोट उडताना छातीचा खालचा भाग आत जात असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

मग श्वास मोजा. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर श्वास जलद आहे. रडताना, दूध पिताना किंवा तापात मोजलं तर आकडा वाढलेलाच येतो.

या मोजण्याला कमी समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं एक साधं साधन बनवलं होतं. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून उपचार सुरू केले आणि त्याने होणारे बालमृत्यू निम्म्यावर आले. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दाईला जमलं ते मोबाईलवर टायमर असलेल्या आई-बापाला जमायला हरकत नाही.

कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडलेला असतो. तो मोठ्यांच्या बोटासाठी असतो, लहान बोटावर सैल बसतो आणि काहीही दाखवतो. आकडा नीट येत असेल आणि ९२ च्या खाली असेल तर लगेच निघा. पण आकडा ९६ आहे म्हणून उडणाऱ्या पोटाकडे दुर्लक्ष करू नका.

कधी घरी थांबायचं नाही

मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बाळ दूध ओढू शकत नसेल, मूल पुढे झुकूनच बसत असेल, सुस्त किंवा गोंधळलेलं वाटत असेल, ओठ किंवा जीभ निळसर झाली असेल, तर सकाळची वाट बघू नका. आपल्या सावळ्या रंगात निळेपणा गालावर दिसत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्या बघायच्या.

एका गोष्टीत भलेभले फसतात. इतका वेळ येणारा सूं-सूं आवाज अचानक थांबतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. मूल हसायला-बोलायला लागलं असेल तर खरंच बरं आहे. पण आवाज थांबलाय आणि मूल थकून गप्प पडलंय, तर त्याचा अर्थ शिट्टी वाजायलाही हवा आत जात नाहीये. ही दम्यातली सगळ्यात धोक्याची वेळ.

अशा वेळी मुलाला आडवं करू नका, मांडीवर बसतं धरा. काही खायला-प्यायला घालायचा आग्रह नको. डॉक्टरांनी आधी तातडीचा पंप लिहून दिला असेल तर तो स्पेसरमधून द्या आणि १०८ ला फोन करा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक मार्गदर्शक सूचनांमधला ढोबळ नियम असा की एका वेळी दोन फवारे, गरज पडल्यास दर २० मिनिटांनी आणखी दोनदा. तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच पाळा. मूल जास्त त्रासात असेल तर ही २० मिनिटं घरी घालवायची नाहीत, गाडीत द्यायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पुन्हा पुन्हा पंप लागत असेल तर दवाखानाच गाठायचा.

पण प्रत्येक धाप म्हणजे दमा नाही

पाच वर्षांच्या आतल्या कितीतरी मुलांना सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजते आणि मोठी होता होता ती आपोआप थांबते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना आरएसव्हीसारख्या विषाणूने ब्राँकिओलायटिस होतो. त्यातही पोट उडतं, पण दम्याच्या औषधाचा त्यात सहसा उपयोग होत नाही. ताप आणि जलद श्वास बरोबर असतील तर न्यूमोनियाचा विचार आधी करायचा.

आणि शेंगदाणा! मूल ठणठणीत होतं, खेळता खेळता काहीतरी तोंडात टाकलं, ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला किंवा शिट्टी थांबतच नाही. हा दमा नसून श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा, फुटाणा किंवा चिंचोका असू शकतो. ठसका थांबला म्हणून लोक विसरून जातात आणि पुढचे काही आठवडे खोकल्याची औषधं चालू राहतात. असा ठसका लागल्याचं आठवत असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात अख्खे शेंगदाणे देऊ नयेत ते यासाठीच.

मग दमा आहे हे ठरवतात कसं? एकच रक्त तपासून 'दमा आहे' असा रिपोर्ट येत नाही. एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री पाच-सहा वर्षांनंतरच नीट जमते. त्याआधी डॉक्टर बघतात ती पुनरावृत्ती. सर्दी झाली की खोकला दहा दिवसांहून जास्त टिकतो का, वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा असं होतं का, रात्री वाढतं का, सर्दी नसतानाही पळाल्यावर, पोट धरून हसल्यावर किंवा रडल्यावर खोकला येतो का. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, मुलाला त्वचेचा इसब आहे का. म्हणून तपासणीला जाताना रात्रीच्या खोकल्याच्या तारखा लिहून न्या. उघड्या छातीचा मोबाईलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तर सोन्यासारखा, कारण सकाळी दवाखान्यात मूल एकदम गुणी वागतं आणि छाती साफ असते.

पंपाची सवय लागते का?

नाही. सवय लागायला त्यात नशेचं काही नसतं. मुळात 'पंप' या एकाच शब्दात आपण दोन वेगळी औषधं कोंबतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

एक आहे तातडीचं औषध, म्हणजे साल्ब्युटामॉल. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, सूज मात्र कमी करत नाही. दुसरं आहे रोजचं औषध, म्हणजे ब्युडेसोनाइडसारखं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. ते सूज उतरवतं, पण त्याला वेळ लागतो, त्यामुळे ऐन अटॅकमध्ये फक्त त्यावर विसंबता येत नाही. बरीच घरं नेमकं उलटं करतात. बरं वाटलं की रोजचा पंप बंद आणि तातडीचा मात्र दर दोन दिवसांनी. तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, असं समजून डॉक्टरांना भेटा.

"पंप नको, सिरप द्या," असं सांगणाऱ्यांसाठी हिशेब. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. पाच मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. एक चमचा सिरप म्हणजे २० फवारे, तेही आधी पोटात जाऊन सगळ्या अंगात फिरणारे. हात थरथरणं आणि छातीत धडधडणं सिरपनेच जास्त होतं.

स्टेरॉइडची भीती अगदीच खोटी नाही. रोजच्या स्टेरॉइड पंपाने मुलाच्या उंचीवर थोडा परिणाम होतो. अमेरिकेत अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला, तेव्हा उंचीत सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. दुसऱ्या बाजूला रोजची अपुरी झोप, बुडणारी शाळा आणि अटॅकमध्ये जिवाला असलेला धोका आहे. मला स्वतःला हा सौदा अवघड वाटत नाही. डॉक्टरही काही महिन्यांनी डोस कमी करता येतो का ते बघतातच. आपल्या मनाने बंद करू नका, इतकंच.

लहान मुलाला पंप थेट तोंडात द्यायचा नाही, औषध घशालाच चिकटतं. स्पेसर लावायचा, तान्ह्यांना मास्कसकट. पंप हलवा, एक फवारा सोडा, मुलाला पाच-सहा शांत श्वास घेऊ द्या, मग दुसरा. दोन फवारे एकदम नाहीत. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, मास्कवाल्या बाळाचं तोंड पुसा. साध्या ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसर नेब्युलायझरइतकंच काम करतो, आणि लाईट गेली तरी चालतो. तो महागही असायला लागत नाही. ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून पंप घट्ट बसवला तर ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते, हे केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं होतं.

घरातला धूर

बाळंतिणीच्या खोलीत बाळाला ओवा आणि धूप घालून धुरी देण्याची आपली जुनी पद्धत आहे. हेतू मायेचा, पण चिडक्या नळ्यांना धूर तो धूरच. उदबत्ती, चूल, बाबांची बाल्कनीतली सिगारेट, सगळं त्यात आलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं तेव्हा डासांच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण सुमारे १०० सिगारेटींइतके भरले. दिवाळीतल्या फटाक्यांत सगळ्यात जास्त कण कुणी सोडले? 'लहान मुलांसाठी निर्धोक' म्हणून आणतो त्या नागाच्या गोळीने. डासांसाठी मच्छरदाणी लावा. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी धरली असेल तर मुलाचा पलंग त्या भिंतीपासून हलवा. कापूर मात्र बाळाच्या नाकाजवळ नकोच, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

खेळ बंद करायची गरज नाही. दमा आटोक्यात असेल तर मूल धावू शकतं, पोहू शकतं, कबड्डी खेळू शकतं. तातडीचा पंप आणि स्पेसर मात्र दप्तरात हवा, आणि तो कधी, किती द्यायचा हे वर्गशिक्षकांना लिहून दिलेलं हवं.

तो पंप रिकामा नाही ना, हेही बघत जा. साध्या पंपात साधारण २०० फवारे असतात. औषध संपल्यावरही आतला वायू फुस्स आवाज करत राहतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं औषध जातंय. पाण्यात तरंगवून बघायची युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तो घ्या, नाहीतर उघडल्याची तारीख पंपावरच पेनाने लिहा आणि फवारे मोजत जा.