वेस ओलांडली, केस बदलली!

३ मार्च १९३४. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या क्राउन पॉइंटचा तुरुंग फोडून जॉन डिलिंजर नावाचा नामचीन दरोडेखोर पसार झाला. लाकडाचं खोटं पिस्तूल दाखवून त्याने पहारेकऱ्यांना गंडवलं म्हणे! वर पठ्ठ्याने शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, गाडीच पळवली आणि शेजारच्या इलिनॉय राज्यातलं शिकागो गाठलं.

इथेच फसला बेटा!

तुम्ही म्हणाल, गाडीचं काय एवढं? याने तर बँका लुटल्या होत्या! गंमत तिथेच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे फौजदारी कायदे वेगळे, कोर्टंही वेगळी. शिवाय केंद्राची म्हणून आणखी निराळी कोर्टं, ती फेडरल कोर्टं. आपल्याकडे असा दुहेरी कारभार नाही. चोरी नागपुरात होवो नाहीतर पणजीत, दंडसंहिता एकच.

फेडरल कोर्टात वाट्टेल तो खटला चालत नाही. अमेरिकेच्या संसदेने जो गुन्हा केंद्राचा ठरवलाय, तोच तिथे जातो. खोट्या नोटा छापल्या, टपालातून लोकांना फसवलं, केंद्राचा कर बुडवला, की गाठ फेडरल कोर्टाशी! साधी मारामारी किंवा घरफोडी सहसा राज्याच्या कोर्टात. डिलिंजर पळाला तेव्हा बँक लुटणं हा केंद्राचा गुन्हा नव्हता. तो कायदा दोन महिन्यांनी आला. पण चोरीची गाडी दुसऱ्या राज्यात नेणं मात्र १९१९ पासूनच केंद्राचा गुन्हा होता. झालं! केंद्राचे तपासनीस हात धुऊन त्याच्या मागे लागले. खटला काही उभा राहिला नाही. जुलैमध्ये शिकागोत त्यांच्याच गोळ्यांनी तो मेला.

आणि हो, कुठला खटला भरायचा हे न्यायाधीश ठरवत नाहीत. ते काम केंद्राच्या सरकारी वकिलाचं. गुन्हा गंभीर असेल तर तो १६ ते २३ साध्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे पुरावे मांडतो. त्यातल्या किमान १२ जणांना पटलं, तरच आरोपपत्र निघतं.

या नियमांनी एकदा सगळ्यांनाच चकित केलं. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची डॅलसमध्ये हत्या झाली. आरोपीवर गुन्हा नोंदवला तो टेक्सास राज्याच्या कायद्याखाली! कारण राष्ट्राध्यक्षाचा खून हा तोवर केंद्राचा गुन्हाच नव्हता. तसा कायदा झाला १९६५ मध्ये.