एका सेंटिमीटरवर अडलेला निर्णय

कोलोनोस्कोपीच्या पडद्यावर गुदाशयाची गुलाबी भिंत सरकत असते आणि मध्येच एक पिवळसर, गुळगुळीत उंचवटा दिसतो. रुग्णाला त्याचा त्रास बहुधा नसतोच. तपासणी भलत्याच कारणासाठी चाललेली असते. हा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, अस्तरातल्या हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशींपासून झालेला. आतड्यातल्या अशा गाठी निरुपद्रवी असतात, असं १९०७ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी मांडलं. त्या पसरूही शकतात, हे १९२९ मध्ये त्यांनीच मान्य केलं.

पसरायची पहिली वाट लसिकाग्रंथींची. गाठ जितकी मोठी, तितकी ती तिथे पोचल्याची शक्यता जास्त, म्हणून ती मोजली जाते. दहा मिलिमीटरपेक्षा लहान आणि वरच्या थरातच असलेली गाठ सहसा दुर्बिणीतूनच काढतात. वीसच्या पुढे गेली, की गुदाशयाचा भाग लसिकाग्रंथींसकट काढण्याकडे कल असतो. खरा पेच मधल्या सेंटिमीटरचा. तिथे गाठ स्नायूत किती उतरली, पेशी रक्त-लसिकावाहिन्यांत शिरल्या का, त्या किती वेगाने विभागतात, हे सगळं तोलावं लागतं.

थक्क व्हायला होतं ते पुढे. सर्जन ग्रंथी एकेक करून वेचत नाही. डाळीच्या दाण्याएवढ्या त्या ग्रंथी चरबीत दडलेल्या असतात. गुदाशयाभोवतीचं हे चरबीचं वेष्टण, मेसोरेक्टम, अखंड काढायची पद्धत इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशयाच्या कर्करोगासाठी १९८२ मध्ये मांडली. वेष्टणाबाहेर विरळ तंतूंचा एक थर असतो, गर्भात शरीर घडतानाच आखला गेलेला. सर्जनचं हत्यार त्याच थरातून नेमकं फिरलं, तर रक्त फारसं जात नाही. लगतच लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या नसा असतात. त्या वाचवायच्या असतात.

मग ती चरबी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येते. बोटांनी चाचपत, पातळ काप घेत एकेक ग्रंथी शोधली जाते. खास रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ट्यूमरच्या पेशींचा पुंजका तपकिरी उमटतो, किंवा उमटत नाही.

गॅलियम-६८ हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेला पेट स्कॅन शस्त्रक्रियेआधी बरंच सांगतो, पण ग्रंथीतला अगदी बारीक पुंजका त्यालाही चुकवतो. ग्रंथी काढायची गरज होती का, याचं पक्कं उत्तर त्या काढल्यावरच मिळतं. म्हणून तर गाठीच्या मिलिमीटरांवर इतका काथ्याकूट होतो.