मुहूर्त पाहिला, कागद पाहिले का?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याला घर बांधून पाहणे तरी शक्य होते. तुमच्याआमच्यासारख्या पगारदारांच्या नशिबी आहे ते दलालामागून जिने चढणे आणि बँकेत अर्ज भरणे!

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी माझा भाचा पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

“मामा, भाईंदर पश्चिमेला ब्लॉक पाहिला. जुनी इमारत आहे, पण खाडीचा वारा काय सुरेख येतो! किंमत ५० लाख. पाडव्याच्या मुहूर्तावर इसार देणार. आईने पाटल्या मोडायला काढल्यात.”

पाटल्यांचे नाव निघताच पेढा माझ्या हातातच राहिला. माझ्या बहिणीजवळ सोने म्हणून तेवढेच उरले आहे.

“मुहूर्त पाहिलास, कागद पाहिलेस का?”

“ते दलालाकडे आहेत ना!”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाईंदरला उतरलो. एके काळी हे मिठागरांचे आणि भातशेतीचे गाव. मुंबईत जागा परवडेना, तशी माणसे रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकली. येथे नगरपरिषद आली १९८५ साली आणि महानगरपालिका झाली २००२ साली. इमारती मात्र त्याआधीपासूनच उठू लागल्या होत्या. तेव्हा अशा ठिकाणी जुने घर घेणाऱ्याने कागद दुप्पट काळजीने पाहावेत.

सोसायटीचे चिटणीस भला माणूस. चहा पाजला आणि काही लपविले नाही. “भोगवटा प्रमाणपत्र? अहो, तेव्हा अर्ज केला होता म्हणतात. जमीन? ती अजून बिल्डरच्याच नावावर आहे.”

भाच्याचा चेहरा उतरला. ही दोन नावे नीट समजून घ्या, वाचकहो. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहण्यास योग्य आहे, हे पालिकेने लिहून दिलेले असते ते भोगवटा प्रमाणपत्र. आणि इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त म्हणजे अभिहस्तांतरण. जमीन अशी सोसायटीच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे, असे १९६३ च्या मालकी सदनिकांच्या कायद्यातच सांगितले आहे. तरी कित्येकांनी टाळाटाळ केली. म्हणून २००८ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची वाट मोकळी झाली. हे झाले नसेल तर चार भिंती आपल्या, पण पायाखालची भूमी दुसऱ्याच्या नावे! इमारत मोडकळीस येऊन नवी बांधायची वेळ आली, की हे दुखणे डोके वर काढते.

याखेरीज जुन्या घरासाठी पाहावे ते असे: पहिल्या खरेदीपासून आजवरचे सर्व नोंदणीकृत करार, सोसायटीचा भागदाखला, थकबाकी नसल्याचे पत्र, आणि घरावर बँकेचा बोजा आहे की नाही. वकिलाकडून मालकीहक्काचा शोध घ्यावा. त्याच्या फीला कचरू नये.

नव्या इमारतीची गोष्ट थोडी निराळी. २०१६ च्या केंद्रीय कायद्यान्वये १ मे २०१७ पासून आपल्याकडे ‘महारेरा’चे कामकाज सुरू झाले. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः पडताळून पाहा. करार नोंदविल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून जमिनीसाठी व बांधकामासाठीच वापरावे लागतात. आणि जागा मोजायची ती चटई क्षेत्राने. जिना नि गच्ची आपल्या दिवाणखान्यात मोजू देऊ नका.

आता कर्जाकडे वळू. “पगारात हप्ता बसतो, मामा,” भाचा म्हणाला. मी कागद-पेन्सिल पुढे ओढली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे ५० लाखांच्या घराला कर्ज ४० लाख, पदरचे १० लाख. शिवाय मुद्रांक शुल्क नि नोंदणीचा खर्च वेगळा, तोही पदरचाच.

समजा, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते अवघे ६,३८०! पाच वर्षांत पावणेएकवीस लाखांहून अधिक भरूनही सव्वापस्तीस लाख देणे उरते. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता ३९,३९० होतो. महिन्याला सुमारे ४,७०० रुपयांची ओढाताण खरी, पण शेवटी जवळजवळ साडेबारा लाख रुपये वाचतात.

व्याजाचा दर बदलता असेल तर दर वाढताच मुदत किंवा हप्ता वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. मात्र अशा गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी भरल्यास बँक दंड घेऊ शकत नाही. तेव्हा बोनस आला की थोडा मुद्दलात टाकावा. आणि कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली घातला आहे.

भाच्याने पाडव्याला इसार दिला नाही. दलाल रुसला, सूनबाईही दोन दिवस घुश्श्यात होत्या. पण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याच भागात दुसरा ब्लॉक मिळाला. खोल्या लहान, खाडीचा वारा नाही. परंतु भोगवटा प्रमाणपत्र आहे, जमीन सोसायटीच्या नावे आहे आणि किंमत चार लाखांनी कमी.

यंदा त्याच्या खिडकीत आकाशकंदील लागला आहे. फराळाचे ताट पुढे ठेवताना बहिणीच्या हातातल्या पाटल्या वाजल्या. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. पण चकलीची आणखी एक जोडी मात्र माझ्या ताटात पडली!