विजेचे बिल फुगते कुठे?



पनवेल तालुक्यात कुठेही गेलं तरी एक तक्रार हमखास कानावर येते. घरात दिवे तेच, माणसं तेवढीच, मग बिल वाढलं कसं? आणि ओरडा बसतो तो पोरांना, मोबाइलचा चार्जर काढा म्हणून!

आपल्या शेजारी खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. आसपासच्या खेड्यांत दिवा यायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. जुनी माणसं अजून उठून दिवा मालवतात ती त्यामुळेच. सवय चांगली आहे, पण आजचे बिल दिव्याने फुगत नाही.

हिशोब सोपा आहे. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. साठ वॅटचा जुना बल्ब ओटीवर रोज पाच तास जळाला, तर महिन्याला ९ युनिट. त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. पंचाहत्तर वॅटचा पंखा बारा तास फिरला की महिन्याला २७ युनिट. आपल्याकडच्या घामट उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा असे कोण सांगेल? मात्र तो जळाला, तर रिवायंडिंग करून आणण्यापेक्षा तीस-पस्तीस वॅटचा बीएलडीसी पंखा घ्या. निम्म्याहून कमी वीज खातो.

आता न्हाणीघरात चला. वीस लिटरची बादली रॉड लावून २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. घरात चार माणसं, चार बादल्या, म्हणजे रोज दोन युनिट आणि महिन्याला साठ! दोन पंख्यांपेक्षा जास्त. विजेवर उष्णता करणे हाच सर्वांत महागडा उद्योग. इस्त्री आणि शेगडीसुद्धा त्याच जातीची.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० पर्यंतचा बराच चढा. ज्या घरात १५० युनिट जळतात, तिथे रॉडचे साठ वजा केले की राहतात ९०. म्हणजे वाचतात ते बहुतेक महागातले युनिट.

मग आंघोळीचे काय? काळा रंग दिलेले पत्र्याचे पिंप झाकण लावून गच्चीवर उन्हात ठेवा. हिवाळ्यातही दुपारी चारपर्यंत पाणी कोमट होते. शेतावरून येणाऱ्याने संध्याकाळीच आंघोळ उरकावी. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. तेव्हा सुक्या झावळ्या, करवंट्या वापरून बंब पेटवावा, पण उघड्यावर. धूर घरात नको. रॉड वापरायचाच असेल, तर अर्धी बादली तापवून त्यात गार पाणी घाला. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि बादली प्लास्टिकची घ्या. पत्र्याच्या बादलीत वीज उतरली तर जीव जातो.

खात्री करून पाहायची असेल, तर आज रात्री मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आठ दिवस रॉड वापरा आणि आकडा लिहा. पुढचे आठ दिवस रॉड खुंटीवर टांगून ठेवा आणि पुन्हा आकडा लिहा. वजाबाकी घरातल्या शाळकरी पोराकडून करून घ्या.