लांबच्यांनाच जास्त घाई!

दोस्तांनो, आईच्या शिवणाच्या डब्यात इलॅस्टिक असतं ना? तेच, चड्डीच्या कमरेत घालतात ते! आईला विचारून त्याचा वीतभर तुकडा घ्या. आज त्यावर आपल्याला अख्खं विश्व मांडायचंय!

एका टोकाशी पेनाने ठिपका काढा. हे आपलं घर, म्हणजे आपली आकाशगंगा. तिथून एक, दोन आणि तीन सेंटीमीटरवर आणखी तीन ठिपके द्या. या झाल्या दुसऱ्या दीर्घिका. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट मोठी वस्ती. आपल्या आकाशगंगेतच अब्जावधी तारे आहेत!

आता घराचा ठिपका पट्टीच्या शून्यावर दाबून धरा. पहिला ठिपका दोनवर येईपर्यंत इलॅस्टिक ताणा. बघा बरं काय झालं! पहिला सरकला एकच सेंटीमीटर. दुसरा पोचला चारवर. आणि तिसरा? थेट सहावर! वेळ तर तिघांनाही सारखाच मिळाला होता. तरी जो सगळ्यात लांब, तोच सगळ्यात जोरात पळाला!

खऱ्या दीर्घिकाही अगदी असंच करतात! 1929 मध्ये एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून हे दाखवून दिलं. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी तर 1927 मध्येच ते गणिताने मांडलं होतं. लमेत्र पाद्री होते, बरं का! या दोघांच्या नावांवरून आज याला हबल-लमेत्र नियम म्हणतात.

पण इतक्या लांबची दीर्घिका पळतेय, हे कळतं कसं? तिच्या प्रकाशावरून! प्रकाश लाटांनी येतो. इलॅस्टिकवर एक नागमोडी रेघ काढा आणि ताणा. लाटा लांबल्या ना? आपलं इलॅस्टिक म्हणजे अवकाश. ते ताणलं गेलं की त्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटाही अशाच लांबतात. लाल प्रकाशाच्या लाटा निळ्यापेक्षा लांब असतात. म्हणून दीर्घिकेचा प्रकाश जितका लाल बाजूला सरकलेला, तितका तिचा वेग जास्त.

हा प्रकाश टिपायचं काम कोण करायचं, ओळखा पाहू! मिल्टन ह्युमसन. त्यांची शाळा लहानपणीच सुटली होती. वेधशाळेचं सामान खेचरांवर लादून ते डोंगरावर पोचवायचे. पुढे तिथेच सफाईचं काम धरलं. मग रात्रीचे मदतनीस झाले आणि शेवटी चक्क खगोलशास्त्रज्ञ! अंधुक दीर्घिकेचा प्रकाश फोटोच्या काचेवर उमटायला कधीकधी कित्येक रात्री लागत. तितक्या रात्री कुडकुडत दुर्बिणीपाशी बसायचं, दीर्घिका जराही निसटू द्यायची नाही! मला तर ह्युमसन हबलइतकेच थोर वाटतात.

आता वेग किती ते ऐका! प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावतो. वर्षभरात तो जितका जातो, ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष. आणि दर 32 लाख 60 हजार प्रकाशवर्षांमागे दीर्घिकेचा वेग सेकंदाला साधारण 70 किलोमीटरने वाढतो. दहापट लांब असेल, तर 700 किलोमीटर. शंभरपट लांब असेल, तर 7,000 किलोमीटर. तेही एका सेकंदात!

मग आपण काय विश्वाच्या मधोमध बसलोय? मुळीच नाही! आता तिसऱ्या ठिपक्याला घर माना आणि पुन्हा ताणा. त्यालाही वाटेल, सगळे माझ्यापासूनच दूर पळतायत! ठिपके आपापल्या जागीच आहेत. ताणलं जातंय ते मधलं इलॅस्टिक.

एक शेजारीण मात्र उलटी वागते. देवयानी दीर्घिका! ती आपल्यापासून 25 लाख प्रकाशवर्षांवरच आहे. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षणाची ओढच जिंकते. म्हणून ती सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगाने चक्क आपल्याकडे येतेय! घाबरू नका, पोचायला तिला अब्जावधी वर्षं लागतील. डिसेंबरच्या संध्याकाळी, शहराच्या दिव्यांपासून दूर, काळोख्या आकाशात ती नुसत्या डोळ्यांनीही पुसटशी दिसते. ताई-दादाला सोबत घ्या आणि नक्की शोधा!